घरच्या फ्रिजात हॅम खारवताना

नाताळ जवळ आला की वसई, वांद्रे, पुण्याचा कॅम्प, मडगाव अशा ठिकाणच्या घरांत केक, कुलकुल, दोदोल यांची तयारी सुरू होते. हॅम मात्र बहुतेक घरांत दुकानातूनच येतो. तो घरी होण्यासारखा नाही, त्याला कारखानाच हवा, असा समज त्यामागे असतो. खरं तर डुकराची मागची मांडी, मीठ, पाणी, थोडं क्युअरिंग सॉल्ट, फ्रिजमधला एक कप्पा आणि आठ ते पंधरा दिवस एवढ्यात काम होतं. त्यात प्रत्यक्ष खपायचं असतं ते पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. मधले दिवस मांस एकदा उलटायचं आणि झाकण लावायचं.

आपल्या स्वयंपाकघरात अंदाजाला फार मान आहे. मीठ चिमटीने आणि मसाला मुठीने घालणारे हात क्वचितच चुकतात. हॅममध्ये मात्र दोन गोष्टी अशा आहेत, की तिथे मुरलेल्या सुगरणीनेही अंदाज बाजूला ठेवावा. एक म्हणजे क्युअरिंग सॉल्टचं वजन आणि दुसरं म्हणजे तापमान. या दोन्ही काटेकोर सांभाळल्या की गोडी किती, मसाला कोणता, वरचा लेप कसा, हे सगळं तुमच्या जिभेवर सोडता येतं.

सुका की ओला?

हॅमच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. इटलीतला पार्मा किंवा स्पेनमधला सेरानो हॅम सुक्या मिठात मुरवून, मग महिनोन्‌महिने हवेवर टांगून सुकवतात आणि न शिजवता पातळ कापून खातात. त्याला तिथली थंड, खेळती हवा लागते. कोकणपट्टीच्या दमट हवेत किंवा मुंबईच्या गॅलरीत हा प्रयोग करू नये.

दुसरी परंपरा ओल्या खारवणीची. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं काल्न हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध झालं. डुकराचं मांस मिठाच्या पाण्यात बुडवून मुरवायचं, ही तिथली रीत. पूर्वी हे काम फक्त हिवाळ्यात चाले, कारण उन्हाळ्यात मीठ आत पोचण्याआधीच मांस नासायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काल्नच्या हॅरिस कुटुंबाने अमेरिकेत पाहिलेल्या पद्धतीवरून बर्फाच्या साहाय्याने थंड ठेवलेल्या खोल्या बांधल्या आणि हा धंदा बाराही महिने चालू लागला. आपल्याला ती सोय घरच्या फ्रिजने करून दिली आहे, म्हणून आपण ओली पद्धतच घेऊ.

गोव्यातही डुकराचं मांस मीठ लावून टिकवण्याची जुनी रीत आहे. चोरिस या सॉसेजसाठी मांसाचे लहान तुकडे करतात, त्यांना मीठ, मिरची, व्हिनेगर लावतात, ऊन आणि धूर देतात. तुकडा लहान असल्याने मीठ लगेच आतपर्यंत जातं आणि पाणीही लवकर उडतं. हॅमचा तुकडा चांगला वीतभर जाड असतो. मीठ बाहेरून आत सरकतं आणि नासण्याची सुरुवात बऱ्याचदा आत, हाडाच्या सांध्याजवळ होते. मीठ तिथे आधी पोचलं पाहिजे. म्हणूनच एवढी थंडी आणि एवढे दिवस.

गुलाबी रंग येतो कुठून?

नुसत्या मिठात मुरवून शिजवलेलं डुकराचं मांस राखाडी होतं आणि चवीला साध्या रोस्टसारखं लागतं. हॅमचा गुलाबी रंग आणि त्याची खास चव नायट्राइटमुळे येते. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तो मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याला चिकटतो आणि शिजवल्यावर तो रंग पक्का होतो. खारवलेल्या मांसाच्या लाल रंगाचा हा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी 1901 मध्ये मांडला.

रंगापेक्षा महत्त्वाचं काम वेगळंच आहे. बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणारे जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतात आणि मांसाच्या जाड तुकड्याच्या आत हवा नसते. नायट्राइट त्यांची वाढ रोखतं.

पूर्वी यासाठी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट वापरत. सोऱ्याचं नायट्राइट व्हावं लागतं आणि ते काम जिवाणूंच्या मर्जीवर, सावकाश आणि कमीजास्त प्रमाणात होतं. फ्रिजच्या थंडीत तर त्याचा भरवसाच नाही. जुन्या वह्यांतून 'चिमूटभर सोरा' लिहिलेलं आढळलं तरी या कृतीत तो वापरू नका. शेतीच्या किंवा फटाक्यांच्या कामासाठी विकला जाणारा सोरा तर स्वयंपाकघरात आणूच नये.

आज वापरायचं ते क्युअरिंग सॉल्ट नंबर 1. त्यात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असतं आणि बाकी साधं मीठ. अन्नपदार्थांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन ते मिळतं. घेताना तीन गोष्टी पाहा.

- पाकिटावर नायट्राइटची टक्केवारी छापलेली हवी. ती नसेल तर घेऊ नका.
- नंबर 2 घेऊ नका. त्यात नायट्रेटही असतं. ते महिनोन्‌महिने सुकवायच्या मांसासाठी आहे.
- रंगावरून गोंधळ करू नका. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून याला मुद्दाम गुलाबी रंग देतात. पण आपल्या फडताळात गुलाबीसर सैंधवही असतं. सैंधव म्हणजे क्युअरिंग सॉल्ट नव्हे. दोघांची अदलाबदल झाली तर एकीकडे हॅम बिघडेल आणि दुसरीकडे घरातल्या माणसांना विषबाधा होईल. क्युअरिंग सॉल्टच्या बरणीवर ठळक नाव लिहा आणि ती मिठाच्या बरणीपासून दूर, मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा. शुद्ध सोडियम नायट्राइट घरात आणायचंच नाही.

जर्मनीत राहणाऱ्या वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. तिथे दुकानात मिळणाऱ्या क्युअरिंग मिठात नायट्राइट साधारण 0.4 ते 0.5 टक्केच असतं आणि ते साध्या मिठाच्या जागी पूर्ण वापरायचं असतं. खाली दिलेला हिशेब 6.25 टक्क्यांच्या मिठाचा आहे. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नका.

मांस घेताना

पहिल्या वेळी अख्खी तंगडी आणू नका. मागच्या मांडीचा, हाड काढलेला, चरबी आणि कातडीसकट तीन किलोपर्यंतचा तुकडा मागा. हाड काढल्याने मीठ सगळीकडे सारखं पोचतं, हिशेबही सोपा होतो. मागवण्याआधी फ्रिजचा कप्पा, ओव्हन आणि घरातलं सर्वांत मोठं पातेलं मापून ठेवा. छोट्या ओटीजीत तीन किलोचा तुकडा मावत नाही, हे नाताळच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.

मांस ताजं, थंड आणि पशुवैद्यकीय तपासणी झालेल्या ठिकाणचं असावं. डुकराच्या मांसात फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी असू शकतात. कापलेल्या भागावर साबुदाण्याएवढे पांढरट, पाणीदार दाणे दिसले तर तो तुकडा परत करा. मिठात मुरवल्याने हे कृमी मरतील असं समजू नका. त्यांचा बंदोबस्त नीट शिजवण्यानेच होतो. मांस गोठवलेलं असेल तर ओट्यावर नव्हे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण सुटू द्या. तीन किलोला किमान दीड ते दोन दिवस लागतात.

हिशेब

जुन्या कृतींत मिठाचं पाणी इतकं तिखट खारट असे, की मांस वेळेवर बाहेर काढलं नाही तर खाववत नसे. मग ते रात्रभर पाण्यात भिजत घालायचं. आपण समतोल खारवणी करू. यात मांस आणि पाणी यांचं एकत्र वजन धरून, शेवटी मांसात जेवढं मीठ हवं तेवढंच घालायचं. पाण्यातलं मीठ मांसात शिरत शिरत दोन्हीकडे जवळपास सारखं होतं आणि तिथे थांबतं. एखादा दिवस जास्त झाला तरी हॅम खारट होत नाही.

प्रमाण असं, मांस अधिक पाण्याच्या एकूण वजनावर:

- एकूण मीठ: 2.5 टक्के
- क्युअरिंग सॉल्ट नंबर 1: 0.25 टक्के, म्हणजे किलोमागे 2.5 ग्रॅम
- गूळ किंवा साखर: 1 ते 2 टक्के

समजा मांस 3 किलो आणि ते बुडायला पाणी 2 लिटर, म्हणजे 2 किलो. एकूण 5 किलो. क्युअरिंग सॉल्ट 12.5 ग्रॅम. एकूण मीठ 125 ग्रॅम, पण क्युअरिंग सॉल्टमध्येच जवळपास 12 ग्रॅम साधं मीठ आलेलं आहे. ते वजा करून 113 ग्रॅम साधं मीठ घ्या. गूळ 50 ते 100 ग्रॅम. या हिशेबाने किलोमागे 156 मिलिग्रॅम नायट्राइट पडतं. जास्त घातलं तर मांस अधिक टिकेल, हा विचार इथे चालत नाही. जास्त म्हणजे विष.

पाणी किती लागेल हे आधी ठरवायचं असेल तर भांड्यात मांस ठेवून वरून मोजून पाणी घाला, बुडालं की आकडा लिहा आणि पाणी ओतून द्या. क्युअरिंग सॉल्टसाठी 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. चमच्याचं माप नको. जाड मीठ आणि बारीक मीठ यांच्या एका चमच्याचं वजन वेगवेगळं भरतं.

मिठाचं पाणी

अर्धा लिटर पाण्यात मीठ, गूळ आणि मसाला घालून उकळी आणा. मसाल्यात दोन चमचे मिरी, चार-पाच लवंगा, दोन तमालपत्रं, चमचाभर धने, जायपत्रीचा तुकडा एवढं पुरे. इंग्लंडच्या सफोक भागातल्या खारवणीत काळं ट्रीकल घालतात. कोल्हापूरकडची काकवी त्याच जातीची आहे आणि हॅमला फार शोभते. गूळ घेतला तर पाणी फडक्यातून गाळून घ्या, गुळातला कचरा मांसाला चिकटायला नको. आता हिशेबातलं उरलेलं पाणी घाला आणि सगळं फ्रिजात ठेवून गार करा. क्युअरिंग सॉल्ट शेवटी, पाणी पूर्ण थंड झाल्यावरच घालून नीट विरघळवा.

व्हिनेगर किंवा लिंबू मात्र या पाण्यात घालू नका. कैरीचं लोणचं आंबटपणा, मोहरी आणि तेलाच्या जोरावर ओट्यावर वर्षभर राहतं, म्हणून इथेही आंबट घालायचा मोह होतो. पण आम्लात नायट्राइट झपाट्याने मोडतं आणि मांसापर्यंत पोचायच्या आत वायू होऊन निघून जातं. आंबटाची हौस शेवटच्या लेपात भागवा.

भांडं काचेचं, स्टीलचं, न टवकलेलं एनॅमलचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचं चालेल. ॲल्युमिनियम, तांबं आणि पितळ नको. जाड झिप पिशवी वापरली तर पाणी कमी लागतं. त्या पाण्याप्रमाणे हिशेब मात्र पुन्हा करा, आणि पिशवी खोलगट ताटात ठेवा.

शक्य असेल तर मांसात हे पाणी सुईने टोचून भरा. मांस टोचायची जाड पिचकारी किचनच्या दुकानांत मिळते. तयार पाण्यातलंच 300 मिलिलिटर, म्हणजे मांसाच्या वजनाच्या 10 टक्के, गाळून घ्या आणि दोन-दोन बोटांच्या अंतरावर, मधल्या जाड भागात खोलवर सोडा. थोडं पाणी बाहेर येईल, ते भांड्यातच पडू द्या. टोचल्याने मीठ आतून आणि बाहेरून एकाच वेळी काम करतं. सात-आठ दिवसांत होतं. टोचलं नाही तर दोन आठवडे धरा.

फ्रिजातले दिवस

मांस पूर्ण बुडलेलं हवं. ते तरंगतं, म्हणून वर चिनी मातीची बशी दाबून ठेवा. झाकण लावून भांडं फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, मागे सरकवून ठेवा. कच्च्या मांसाचं पाणी सांडलं तरी दुसऱ्या अन्नावर पडता कामा नये.

तापमान 1 ते 4 अंश सेल्सिअस. फ्रिजच्या बटणावरचे 1 ते 5 आकडे म्हणजे अंश नव्हेत. साधा फ्रिज थर्मामीटर आणून भांड्याशेजारी ठेवा आणि मांस आणण्याआधी दोन दिवस नोंद घ्या. दिवसभर उघडझाप होणारा फ्रिज बऱ्याचदा सात-आठ अंशांवर असतो, आणि तेवढ्यावर हे काम करू नये. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. जिथे रोज त्याहून जास्त वीज जाते, तिथे हा बेत न केलेला बरा.

दिवसातून एकदा स्वच्छ चमच्याने पाणी ढवळा आणि मांस उलटं करा. पाणी थोडं लालसर, गढूळ होणं साहजिक आहे. पण त्याला तार सुटू लागली, बुळबुळीतपणा आला, आंबूस किंवा कुजका वास आला, तर मांसासकट सगळं टाकून द्या. धुऊन, उकळून वाचवायचा प्रयत्न नको. वापरलेलं पाणीही पुन्हा वापरायचं नाही.

दिवस भरले की मांस काढून गार पाण्याखाली धुवा, कोरडं पुसा आणि जाळीवर, न झाकता, रात्रभर फ्रिजात ठेवा. पृष्ठभाग कोरडा होतो आणि मीठ आत आणखी सारखं पसरतं. कडेचा छोटा काप तव्यावर पूर्ण शिजवून चाखा. खारट वाटला तर मांस दोन-तीन तास फ्रिजात साध्या पाण्यात ठेवा.

शिजवणं

हा हॅम कच्चा खायचा नाही. त्याला सुती दोऱ्याने घट्ट बांधा, मोठ्या पातेल्यात गार पाण्यात बुडवा, सोबत एक कांदा, गाजर, मिरी. पाणी हळूहळू तापवा आणि 80 अंशांच्या आसपास ठेवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसावेत, खळखळून उकळी नको. कुकरच्या शिट्ट्यांचा मोह आवरा. तिथल्या तापमानात मांस चोथ्यासारखं होतं आणि कापायला गेलं की त्याचे दोरे निघतात.

तीन किलोला तीन तासांच्या आसपास लागतात, पण थांबायचं घड्याळ पाहून नव्हे. सुईचा थर्मामीटर सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत खुपसा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शनानुसार ताज्या हॅमसाठी आतलं तापमान 63 अंश आणि नंतर किमान तीन मिनिटं विसावा पुरतो. घरी 68 ते 70 अंशांपर्यंत जा. निर्धास्तपणा वाढतो आणि काप तरीही रसाळ राहतात.

थोडं निवल्यावर कातडी सोलून काढा, चरबीचा थर राहू द्या. त्यावर सुरीने तिरक्या रेघांची चौकट पाडा, प्रत्येक चौकटीत एक लवंग खोचा. मोहरीची पेस्ट, काकवी आणि संत्र्याचा किंवा अननसाचा रस आटवून लेप करा आणि 200 अंशांवरच्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं, मधे दोनदा लेप लावत, चकाकी येईपर्यंत ठेवा. गूळ पटकन करपतो, शेवटची पाच मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका. ओव्हन नसेल तर हा टप्पा गाळा. नुसता पाण्यात शिजवलेला हॅम गार करून पातळ कापला तरी उत्तम लागतो.

ठेवणं आणि खाणं

शिजलेला हॅम दोन तासांच्या आत फ्रिजात जायला हवा. चार दिवसांत संपवा. उरणार असेल तर कापांच्या छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, महिना-दीड महिना चव चांगली राहते. गरोदर स्त्रियांना आणि अशक्त माणसांना तो वाफ येईपर्यंत गरम करूनच द्या. शिजवलेलं पाणी आधी चाखा. फार खारट नसेल तर सुक्या वाटाण्याच्या सूपला त्याने बहार येते, मात्र सूपमध्ये वेगळं मीठ घालू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. घरचा हॅमही त्याच गटात मोडतो. तो सणाचा पदार्थ आहे, रोजच्या डब्याचा नव्हे.

ज्यांना नायट्राइट नकोच, त्यांनी क्युअरिंग सॉल्ट वगळून (मीठ मात्र पूर्ण 2.5 टक्के ठेवून) दीड किलोचा तुकडा दोन-तीन दिवसच थंड मिठाच्या पाण्यात ठेवावा आणि लगेच 70 अंशांपर्यंत शिजवावा. त्याला हॅम म्हणता येणार नाही. रंग राखाडी असेल, पण चवदार रोस्ट मात्र होईल.

उलटी मोजणी

24 डिसेंबरला शिजवायचं असेल तर 23 ला मांस पाण्यातून काढून सुकत ठेवा. टोचून करणार असाल तर 15 तारखेला, न टोचता करणार असाल तर 8 तारखेला मांस पाण्यात गेलं पाहिजे. त्याआधी दोन दिवस गोठलेलं मांस सुटायला, आणि त्याच्याही आधी दोन दिवस फ्रिजचं तापमान तपासायला.

काम सुरू होताच एका वहीत मांसाचं वजन, पाणी, मीठ, क्युअरिंग सॉल्ट, गूळ, तारखा आणि शेवटी चव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कमी खारट हवा असेल तर एकूण मीठ 2.2 टक्क्यांवर आणा. गोड हवा असेल तर गूळ वाढवा, लवंग आवडली नाही तर बडीशेप घालून पाहा. क्युअरिंग सॉल्टच्या 0.25 टक्क्यांखाली आणि फ्रिजच्या 4 अंशांखाली मात्र लाल रेघ मारून ठेवा. वहीतले ते दोन आकडे कोणत्याच वर्षी बदलायचे नाहीत.